एटीव्हीला नवा सायलेन्सर बसवलाय? मग कार्बोरेटर असा सेट करा

एरवी आपण इथे मोबाइल, अ‍ॅप आणि अपडेट यांच्याबद्दल बोलतो. आज अशा मशीनबद्दल बोलू, जिला कुठलंच अपडेट मिळत नाही. समुद्रकिनाऱ्यावर फेऱ्या मारणारी चार जाड टायरची एटीव्ही तुम्ही पाहिली असेल. तिला बाजारातला मोकळा सायलेन्सर लावल्यावर कार्बोरेटर का बिघडल्यासारखा वागतो आणि तो परत कसा जुळवायचा, हे आज सविस्तर पाहू. जुनी स्प्लेंडर किंवा कुठलीही कार्बोरेटरवाली बाईक असेल तरी यातलं बरंचसं तुम्हाला लागू पडेल.

हे मी पुस्तकातून नाही, हात भाजून शिकलोय. माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, अलिबागच्या बाजूला एका किनाऱ्यावर पर्यटकांना एटीव्हीवर फिरवतो. दोन गाड्या आहेत, दोन्ही १२५ सीसीच्या. खाऱ्या हवेने मूळ सायलेन्सर आतून कुजून गेले होते. दिवाळीआधी त्याने दोन्ही गाड्यांना स्टेनलेस स्टीलचे मोकळे सायलेन्सर बसवले. आवाज भारी झाला आणि गाडी हलकी झाली. दोन आठवड्यांतच पहिली गाडी रेस सोडली की फटफट फटाके फोडायला लागली, मऊ वाळूत अडखळायला लागली, आणि संध्याकाळच्या अंधारात बेंड पाइप लाल दिसायला लागला. "तू इंजिनिअरिंगला आहेस ना, बघ जरा," दादा म्हणाला. मी बघितलं, आणि नाताळच्या ऐन गर्दीत ती गाडी आठ दिवस उघडी पडून राहिली. कशी, ते पुढे सांगतो.

सायलेन्सर मागे, मग त्रास पुढे का?

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतात. कंट्रोलर त्यांच्याकडे बघून पेट्रोल कमी-जास्त करतो. कार्बोरेटरमध्ये असं काहीच नसतं. पितळेच्या बारीक भोकांतून हवा जाताना जेवढं पेट्रोल ओढलं जाईल तेवढंच जातं. ती भोकं कंपनीने कंपनीच्याच सायलेन्सरच्या हिशोबाने ठरवलेली असतात, आणि धुराच्या नियमांमुळे बहुतेक वेळा पेट्रोल जरा हात आखडूनच दिलेलं असतं.

मोकळ्या सायलेन्सरमुळे जळालेला वायू लवकर बाहेर पडतो आणि नवी हवा जास्त भरते. हवा वाढली की पेट्रोलही जास्त ओढलं जातं, हे खरं. पण ते सगळ्या वेगांना अगदी त्याच प्रमाणात वाढत नाही. काही ठिकाणी पेट्रोल कमी पडतं. गॅरेजच्या भाषेत गाडी 'लीन' चालते. उलट, पेट्रोल जास्त जात असेल तर ती 'रिच'. सायलेन्सरसोबत एअर फिल्टरचा डबाही काढून उघडा फिल्टर लावला असेल, तर फरक कितीतरी मोठा पडतो. दादाने तेवढं तरी केलं नव्हतं. किनाऱ्यावर उघडा फिल्टर लावणं म्हणजे इंजिनाला वाळू खायला घालणं.

यात आता आणखी एक गोष्ट मिसळली आहे, आणि ती फार कमी लोक धरतात. सध्या पंपावर मिळणारं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १ किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम ९. हिशोब केला तर ई-२० साठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या जेटमधून ई-२० गेलं की काही न करताही गाडी सुमारे ८ टक्के लीन होते. इंजेक्शनची गाडी हे बऱ्यापैकी सांभाळून घेते. कार्बोरेटरला कळतही नाही. त्यावर मोकळा सायलेन्सर लावला की लीनवर लीन.

लीन चालली तर बिघडतं काय? सुरुवातीला काहीच नाही. कधी कधी तर गाडी जास्त चपळ वाटते, तिथेच माणूस फसतो. पण लीन मिश्रण हळू जळतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडेपर्यंत ते जळतच असतं, आणि ती आग व्हॉल्व्हच्या कडेवरून जाते. शिवाय वाफ होताना जास्तीचं पेट्रोल जी थोडी थंडाई देतं, तीही जाते.

माझी चूक

गॅरेजवाले काका म्हणाले, "मेन जेट वाढव." मीही दहा व्हिडिओ बघितले, सगळे तेच सांगत होते. ऑनलाइन जेटचा सेट मागवला. मूळ ८५ नंबरचा जेट काढून ९० घातला. काही फरक नाही. ९५ घातला. तरी काही फरक नाही. मग मी ठरवून टाकलं की त्रास कार्बोरेटरचा नाहीच, आणि गाडी पुन्हा फेऱ्यांना लावली.

फरक का पडला नाही, याचं उत्तर हँडलवर होतं. एटीव्हीला रेस अंगठ्याने दाबायची असते, आणि भाड्याच्या गाड्यांत त्या दांडीच्या मागे एक लहान स्क्रू असतो. तो आत फिरवला की दांडी अर्ध्यापुढे जातच नाही. पर्यटकांची पोरं सुसाट जाऊ नयेत म्हणून दादाने तो आत घेऊन ठेवला होता. म्हणजे थ्रॉटल निम्म्याच्या वर कधी उघडतच नव्हता. आणि मेन जेटचं राज्य सुरू होतं पाऊण थ्रॉटलनंतर! मी ज्या भोकावर आठवडाभर मेहनत घेतली, ते भोक त्या गाडीत जवळपास कामालाच येत नव्हतं.

तोवर पहिल्या गाडीला सकाळी स्टार्ट व्हायला दहा-बारा किका लागायला लागल्या होत्या. डोकं उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाल्लेली. व्हॉल्व्ह, ग्राइंडिंग, गॅस्केट, मजुरी, सगळं आलं. वर नाताळचा आठवडा गेला तो वेगळाच. दादा काही बोलला नाही, त्याचंच जास्त लागलं.

आधी हे तीन बघा, मग जेटला हात लावा

दुसरी गाडी मात्र नीट केली. पहिल्यांदा गळती. नवा सायलेन्सर बसवताना जुनंच गॅस्केट पुन्हा वापरलं असेल तर डोकं आणि बेंड पाइप यांच्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रेस सोडल्यावर फटाके वाजतात. लोक त्यालाच लीन समजून जेट बदलत बसतात. इंजिन थंड असताना जोडाला साबणाचं पाणी लावा आणि स्टार्ट करा. बुडबुडे आले की चोर सापडला. आमच्या दोन्ही गाड्यांत सापडला. नवं गॅस्केट टाकल्यावर निम्मे फटाके तिथेच थांबले.

दुसरं, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर. खाऱ्या हवेत त्याला चिरा पडतात आणि तिथून फुकटची हवा आत जाते. रबर वाकवून बघितलं की चीर दिसते. तिसरं, व्हॉल्व्हचा गॅप. आमच्या इंजिनाला थंड असताना ०.०५ मिमी लागतो. तुमचा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा.

कुठे अडखळते, त्यावरून काय बदलायचं

पूर्ण ट्यूनिंगचा गाभा इतकाच आहे: त्रास किती स्पीडला होतो ते विचारायचं नाही, थ्रॉटल किती उघडा असताना होतो ते विचारायचं. आमच्यासारख्या साध्या स्लाइड टाइप कार्बोरेटरमध्ये प्रत्येक हिश्शाचा मालक वेगळा असतो.

थ्रॉटल बंद असल्यापासून साधारण पाव उघडेपर्यंत स्लो जेट आणि मिश्रणाचा स्क्रू. पाव ते पाऊण या मोठ्या पट्ट्यात नीडल, म्हणजे स्लाइडला लटकलेली निमुळती सुई. पाऊण ते पूर्ण मेन जेट. या हद्दी काटेकोर नसतात, एकमेकांत थोड्या मिसळतात. पण निदानाला पुरतात.

म्हणून थ्रॉटलच्या दांडीशेजारी कागदी चिकटपट्टी लावा आणि पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मग मोकळ्या वाळूवर, हेल्मेट घालून, एकेका खुणेवर दांडी धरून गाडी चालवा. शक्य असेल तर मित्राला खुणांचा आणि आवाजाचा व्हिडिओ घ्यायला सांगा. चालवताना वाटलेलं आणि नंतर ऐकलेलं यात फरक असतो.

आता सगळ्यात स्वस्त चाचणी. जिथे अडखळते तिथेच दांडी धरून चोक थोडा ओढा. चोकने मिश्रण रिच होतं. गाडी सुधारली तर त्या जागी पेट्रोल कमी पडत होतं. आणखी बिघडली तर आधीच जास्त जात होतं. आमची गाडी अर्ध्या थ्रॉटलला चोक ओढताच वाळूतून सरळ निघाली. ही अर्ध्या मिनिटाची चाचणी मी पहिल्याच दिवशी केली असती तर व्हॉल्व्ह वाचला असता.

जेटचे नंबर काय सांगतात

केहिन पद्धतीच्या जेटवर लिहिलेला नंबर म्हणजे साधारणपणे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ८५ म्हणजे ०.८५ मिमी. पण पेट्रोल जातं क्षेत्रफळातून, आणि ते व्यासाच्या वर्गाने वाढतं. त्यामुळे ८५ वरून ८८ वर गेलात तर भोक ७ टक्क्यांनी मोठं होतं, ९० वर गेलात तर १२ टक्क्यांनी, आणि मी केलं तसं ९५ वर उडी मारलीत तर तब्बल २५ टक्क्यांनी! म्हणून एकेक पायरीनेच जायचं. मिकुनीच्या बऱ्याच जेटचे नंबर व्यासावर नसून त्यातून वाहणाऱ्या पेट्रोलवर असतात. दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी लावू नका. स्वस्त सेटमध्ये तर ९० आणि ९२ ची भोकं सारखीच निघू शकतात.

आणि जेट साफ करायला तार घालू नका, कृपा करून. पितळ मऊ असतं. तार घातली की भोक ओरखडतं, रुंदावतं आणि त्यावरचा नंबर खोटा ठरतो. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत एवढंच वापरा. खालची वाटी सोडताना त्यात पेट्रोल असतं. इंजिन थंड असू द्या आणि आसपास कोणी सिगारेट ओढत नाही ना, ते बघा.

दुसरी गाडी कशी जुळवली

काम वरून खाली केलं, म्हणजे आधी मेन जेट, मग नीडल, मग स्लो. मेन जेटचा परिणाम खालच्या हिश्शातही थोडा झिरपतो. आधी स्लो जुळवलं तर मेन बदलल्यावर परत करावं लागतं.

चाचणीपुरता दांडीमागचा स्क्रू पूर्ण बाहेर घेतला आणि पहाटे, किनारा रिकामा असताना, दादानेच गाडी चालवली. ८५ वर पूर्ण थ्रॉटलला गाडी वर जाऊन दम सोडायची. ८८ वर सुधारली. ९० वर स्वच्छ ओढायला लागली. ९२ वर आवाज जड झाला आणि शेवटी घुरघुर आली, म्हणजे रिच. मग एक पायरी मागे येऊन ९० कायम केला. अशी रिचची हद्द बघून परत आलं की मनात शंका राहत नाही.

यात प्लग वाचायचा असतो. पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद पळवून, रेस न सोडता किल स्विचने इंजिन बंद करायचं. गाडी थांबली की प्लग थंड होऊ देऊन काढायचा. स्लोवर उभी करून काढलेला प्लग फक्त स्लोचं सांगतो. पांढराफटक असेल तर लीन, काळी काजळी असेल तर रिच, फिका तपकिरी असेल तर ठीक. ई-२० वर रंग नीट चढत नाही, म्हणून एकट्या प्लगवर मी आता भरवसा ठेवत नाही. तरी प्रत्येक प्लगचा फोटो सावलीत, एकाच जागी, शेजारी जेटचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढा. चार प्रयत्नांनंतर कुठला प्लग कुठल्या जेटचा, हे डोक्यात राहत नाही. गॅलरीत राहतं.

नंतर नीडल, जिच्यात आमचा खरा रोग होता. सुईच्या डोक्याला पाच खाचा असतात आणि एका खाचेत बारीक क्लिप बसवलेली असते. क्लिप खाली घेतली की सुई वर उचलली जाते, तिची बारीक बाजू भोकात येते आणि पेट्रोल जास्त जातं. क्लिप खाली, सुई वर, पेट्रोल जास्त. पाठच करून टाका, कारण इथे उलटं करणारे खूप आहेत. आमची क्लिप वरून तिसऱ्या खाचेत होती, ती चौथ्यात घातली. एवढ्या एका खाचेने मऊ वाळूतलं अडखळणं गेलं. पैसे लागले शून्य.

काही गाड्यांच्या सुईला एकच खाच असते. तिथे क्लिपखाली पातळ वॉशर घालून सुई उचलतात. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये स्लाइड दांडीने नाही तर हवेच्या ओढीने उठते, त्यामुळे वरच्या खुणांचा हिशोब तिथे इतका सरळ लागत नाही.

शेवटी स्लो. इथे दोन स्क्रू असतात आणि लोक त्यांचा घोळ घालतात. एक फक्त स्लाइड उचलून आरपीएम वाढवतो. दुसरा मिश्रणाचा. हा दुसरा एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घेतला की लीन. आमचा हवेचा होता. इंजिन पूर्ण गरम करून, स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून दीड फेरा बाहेर काढला आणि तिथून पाव पाव फेऱ्याने दोन्हीकडे फिरवत आरपीएम जिथे सगळ्यात वर जातो ती जागा शोधली. ती सव्वा फेऱ्यावर मिळाली. मग पहिल्या स्क्रूने स्लो परत खाली आणला.

टॅकोमीटर नसेल तर फोन आहे. एका सिलिंडरचं फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा धडकतं. १५०० आरपीएमला सेकंदाला साडेबारा ठोके, म्हणजे दोन सेकंदांत २५. व्हॉइस रेकॉर्डरमध्ये आवाज घ्या, लाट मोठी करा आणि ठोके मोजा. मला हे मोजायला मजा आली, दादाला वेडेपणा वाटला. पण आकडा बरोबर निघाला.

घाटावर नेली तर?

पावसाळ्यात किनारा बंद असतो, तेव्हा एक गाडी पाचगणीच्या बाजूला जाते. तिथली उंची सुमारे १३०० मीटर, हवा किनाऱ्यापेक्षा साधारण १२ टक्के विरळ. कार्बोरेटर ही कमतरता अर्धीच भरून काढतो, त्यामुळे मिश्रण सुमारे ६ टक्के रिच होतं. म्हणजे किनाऱ्यावर जुळवलेला ९० तिथे जड पडतो आणि ८८ बरा चालतो. परत खाली आणताना ९० घालायला विसरू नका, नाहीतर पुन्हा लीन. लोणावळ्याच्या उंचीला फरक याच्या निम्मा पडतो, तिथे आम्ही काही बदलत नाही. घाटावरच्या वाळक्या गवतात आणखी एक बघा: बाजारातल्या अनेक सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी जाळी नसते.

बाईकवाल्यांसाठी

रस्त्यावरच्या बाईकची गोष्ट वेगळी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करता येत नाही. आवाज आणि धूर यांच्या नियमभंगाला कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोड रोलरखाली चिरडतात, ते व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. त्यामुळे बाईकला कंपनीचाच सायलेन्सर ठेवून फक्त ई-२० साठी कार्बोरेटर तपासायचा असेल, तर पीयूसीची पावती फेकू नका. त्यावर स्लोवरच्या सीओचा आकडा असतो. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधीची आणि नंतरची पावती शेजारी ठेवली, की कानाला न कळलेलं कागदावर दिसतं. सीओ वाढला म्हणजे रिच झाली.

दादाच्या दोन्ही गाड्या आता एकाच सेटिंगवर आहेत: मेन जेट ९०, क्लिप चौथ्या खाचेत, हवेचा स्क्रू सव्वा फेरा बाहेर. हे सीटखाली ऑइल पेंटने लिहून ठेवलंय. चाचणी संपल्यावर दांडीमागचा वेग रोखणारा स्क्रू पुन्हा आत घेतला, ते मात्र दादाने स्वतः तपासलं, मला हात लावू दिला नाही.